बांधावरचा पंच

सरकारी वकिलांनी भाऊंना फितूर साक्षीदार म्हटलं, तेव्हा मी कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. फितूर! ज्या माणसाने जन्मात कधी गॅसच्या पावतीवर न वाचता सही केली नाही, तो माणूस फितूर. माझ्या शेजारी भाऊंची बायको, आमच्या काकू, बसल्या होत्या. त्यांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी कातड्यात रुतली, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता तशाच बसून राहिलो. पुढे माझी बदली झाली, मी परत घाटावर आले, तरी तो धक्का काही अंगातून गेलेला नाही. भाऊंबद्दल लिहायला बसलं की आधी तोच समोर येऊन उभा राहतो. त्याला जरा बाजूला सारते आणि माणूस कसा होता ते सांगते.

भाऊ माझे घरमालक. नागावहून काशीदकडे जाताना लागणाऱ्या एका गावात, हायस्कुलात माझी नेमणूक झाली आणि त्यांच्या नारळी-पोफळीच्या वाडीतल्या मागच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. सहज नाही मिळाल्या. भाडेकरार त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता. तो आधी मोठ्याने वाचून दाखवला, मग मला वाचायला लावला. 'चालू स्थितीतील नळ' हे शब्द आले तसे ते उठले आणि मला मोरीत घेऊन गेले.

"नळ सोडा, बाई."

मी सोडला. पाणी आलं.

"पाणी आलेलं पाहिलंत?"

"पाहिलं."

"आता करा सही. डोळे घरी ठेवून सही करू नये."

मी मनात म्हटलं, झालं, एका तऱ्हेवाईक म्हाताऱ्याच्या घरात येऊन पडले. पण दुसरीकडे पर्यटकांमुळे भाडी अशी वाढलेली की तऱ्हेवाईकपणा परवडला.

तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले होते. सगळा जन्म सरकारी नोकरीत गेला आणि सरकारवर कवडीचा विश्वास नाही. हे कसं काय, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "सुताराला विचारा, स्वतः केलेल्या खुर्चीवर बसताना तो आधी हात लावून का बघतो. आत कुठे भुसा भरलाय ते त्याला ठाऊक असतं." त्यांचं आवडतं वाक्य म्हणजे 'सरकार सही आधी मागतं, मजकूर मागाहून आणतं.' हे ते पोस्टात, बँकेत, रेशनच्या दुकानात, कुठेही ऐकवायचे आणि मागची रांग दात-ओठ खात उभी राहायची.

कुरिअरवाल्यांनी तर त्यांच्या नावाची धास्ती घेतली होती. मोबाइलच्या काचेवर बोटाने सही करायची पद्धत आली तेव्हा भाऊंनी त्या पोराला ओटीवर बसवलं, पाणी दिलं, आणि पार्सल उघडून आतली वस्तू बघेपर्यंत सोडलं नाही. वस्तू बघितली, आणि तरी सही केली नाही. "बोटाने काय सही करायची? हा काय पापड आहे?" शेवटी काकूंनी त्यांच्या पाठीमागून येऊन काचेवर बोट फिरवलं आणि पोरगा सुटला.

ग्रामसभेचं हजेरीचं रजिस्टर सभा सुरू व्हायच्या आधीच फिरवतात. भाऊ ते पुढच्याकडे सरकवून द्यायचे. "सभा झाली की करतो. झालीच नाही तर हजर कुठे होतो म्हणू?" आणि एकदा तर त्यांनी कहर केला. एका ओळखीच्याच्या मुलीच्या नोंदणी लग्नाला साक्षीदार म्हणून गेले, आणि सही करण्याआधी मुलीला बाजूला घेऊन विचारलं, "तुला हा मुलगा खरंच पसंत आहे ना? मला तसं दिसलं पाहिजे." मुलगी गांगरली आणि रडायला लागली. दोन्हीकडची मंडळी हवालदिल. नवऱ्यामुलाचा मामा तर हातघाईवर आला होता. पुढे ती दोघं छान नांदली, पण त्या घरातून भाऊंना पुन्हा कधी बोलावणं आलं नाही.

काकू म्हणायच्या, "मास्तरीणबाई, आमच्या लग्नात अंतरपाट धरला होता ना, तेव्हा ह्यांनी वरून डोकावून बघितलं होतं. भटजी ओरडले. तर म्हणाले, खात्री करत होतो."

वाडीत रोज दुपारी मासळीची पाटी घेऊन चांगुणा यायची. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातली, नवरा लवकर गेलेला, काळी सडपातळ बाई, पण आवाज असा की समुद्राच्या गाजेवरून ऐकू यावा. 'ड'चा 'र' करायची, वाडीला वारी म्हणायची. पहाटे खाडीकाठच्या खाजणातल्या चिखलात उतरून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायची, सकाळी बंदरावरून मासळी घ्यायची, दुपारपर्यंत विकायची. भाऊ प्रत्येक बांगड्याचा कल्ला उघडून बघायचे. लाल आहे की नाही, डोळा वर आला आहे की आत गेलाय.

"भाऊ, मासली इकत घेताव का लगीन जुलवताव तिचा?" चांगुणा म्हणायची.

"बघून घेतो, म्हणून तुझ्याशी कधी भांडण झालं नाही."

"त्या खरा हाय. गावान तुमी एकलेच, बगितल्याबिगार घेत नाय, आन घेतल्यावर बोलत नाय."

तिची मुलगी प्रीती माझ्या वर्गात होती. अभ्यासात बेताची, पण हिशेबी आणि हसरी, आणि इंग्रजीचा तास असला की न लाजता चुकीचं बोलणारी. बारावीनंतर ती किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये स्वागतकक्षात बसायला लागली. मला रस्त्यात भेटली की मुद्दाम इंग्रजीत बोलायची. आता बरोबर बोलायची.

एका सोमवारी, शनिवार-रविवारची गर्दी ओसरल्यावर, प्रीती घरी आली नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली तेव्हा खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत ती सापडली. मी गेले नाही बघायला. ज्यांनी पाहिलं त्यांनी कोयत्याचे वार होते असं सांगितलं, आणि त्याहून जास्त मी विचारलं नाही. शाळेत तासावर गेले. पुढच्या बाकावरच्या मुली रडत होत्या आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी होते.

पोलिसांनी रिसॉर्टमालकाच्या पुतण्याला पकडलं. प्रीतीने त्याला नाही म्हटलं होतं, तो तिच्या मागे होता, हे तिच्या मैत्रिणींनी सांगितलं. पण गावाचा विश्वास बसेना. पैसेवाला माणूस, आज धरतील, उद्या सोडतील. आणि इथे पंचांची गोष्ट आली.

गुन्ह्यातली वस्तू जिथून निघते तिथे पोलिसांबरोबर दोन त्रयस्थ माणसं न्यावी लागतात. त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि तसं लिहिलेल्या कागदावर सही करायची. हे पंच. पुढे कोर्टात त्यांनीच येऊन सांगायचं की होय, आमच्या समक्ष झालं. आता नव्या कायद्याने सगळ्याचं चित्रीकरण करावं लागतं म्हणतात, तेव्हा तसं नव्हतं. आणि शहाणा माणूस पंच व्हायला तयार होत नसे. कोर्टाचे खेटे कोण घालणार? मग पोलीस ठाण्यासमोरचा चहावाला आणि त्याच्या शेजारचा सायकलवाला, असे ठरलेले पंच. त्यांनी इतक्या पंचनाम्यांवर सह्या केल्या होत्या की कोर्टात वकील त्यांना नावाने हाक मारायचे आणि लोक हसायचे. चहावाला पंच आला की खटला गेला, हे आमच्या सगळ्या पट्ट्यात ठाऊक होतं.

भाऊंचं ह्यावर एक भाषणच असे. "बाई, पूर्वी आपल्याकडे ज्यूरी होती. साधी माणसं बसवायचे न्यायाला. मग सरकारने ती काढून टाकली. म्हणाले, लोकांवर भरवसा नाही. आता साध्या माणसासाठी कोर्टात राहिलं काय? हा पंच तेवढा. तर तिथेही चहावाला बसवला. लोकांचा सरकारवर विश्वास नाही असं पेपरात येतं. सरकारचा लोकांवर नाही, हे कुठे छापून येतं?"

मी चेष्टेने म्हणायचे, "भाऊ, आपल्या गावात ज्यूरी बसवायची तर माणसं आणणार कुठून? इथे सगळ्यांना सगळं आधीच ठाऊक असतं." त्यावर ते मनापासून हसायचे.

आरोपी कोयता काढून द्यायला तयार झालाय अशी बातमी फुटली तेव्हा गावाने नाक्यावर रस्ता अडवला. मुंबईकडे परतणाऱ्या गाड्यांची रांग लागली. पोलीस ठाण्याचे नवे साहेब आले. तरुण, माझ्याच घाटाकडचे, शांत बोलणारे. लोक ओरडत होते, "चायवाला नाय पायजे! आमचा मानूस पायजे!" साहेबांनी विचारलं, "कोण तुमचा माणूस? नाव सांगा, घेतो." तर गर्दी एकदम गप्प. ओरडायला सगळे होते, पंच व्हायला कोणी नव्हतं. एकाला होडी लावायची होती, दुसऱ्याची सून बाळंत होणार होती.

तेवढ्यात चांगुणा पुढे आली. तिचे डोळे कोरडे होते, ते मला अजून दिसतात.

"वारीवाल्या भाऊना घ्या," ती म्हणाली. "त्ये बगितल्याबिगार सही करत नाय. त्येनी सांगितला का मी मानीन. पोरगा सुटला तरी मानीन."

भाऊ तिथेच मागे उभे होते. त्यांचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. उभ्या आयुष्यात ज्या सवयीपायी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, तिला कोणीतरी पहिल्यांदा मोल दिलं होतं. त्यांनी मान डोलावली. घरी आले, इस्त्रीचा पांढरा लेंगा-सदरा घातला, चष्मा दोनदा पुसला आणि पोलिसांच्या जीपमध्ये बसले. काकू म्हणाल्या, "जणू लग्नालाच निघालेत."

त्यांच्याबरोबर दुसरा पंच म्हणून ग्रामपंचायतीचा शिपाई घेतला. गाव सगळं खाडीच्या बांधापाशी जमलं होतं. पोलिसांनी आम्हाला बांध सुरू होतो तिथेच अडवलं. चांगुणा सगळ्यांच्या पुढे होती. जीप बांधावरून पुढे गेली आणि तिवरांच्या वळणाआड दिसेनाशी झाली. बऱ्याच वेळाने सगळे परत आले. पोलीस, आरोपी, शिपाई, सगळ्यांचे पाय मांड्यांपर्यंत चिखलाने भरलेले. एका हवालदाराच्या हातात फडक्यात गुंडाळलेला कोयता. भाऊ जीपमधून उतरले तशी चांगुणाने त्यांना हात जोडले. भाऊंनी तिच्याकडे बघितलं नाही.

त्या दिवसानंतर माणूस बदलला. मासळी येईल तशी घ्यायला लागले, कल्ला उघडणं बंद. चांगुणा एकदा म्हणाली, "भाऊ, बगा ना," तर म्हणाले, "तू आणलीस म्हणजे चांगलीच असेल." आणि एके सकाळी मी शाळेला निघाले होते, फाटकात कुरिअरवाला उभा, आणि भाऊंनी काही न विचारता काचेवर बोट फिरवलं. मी जागच्या जागी थबकले. तो पोरगाही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मी काकूंना म्हटलं, ह्यांना डॉक्टरकडे न्यायला हवं. काकू म्हणाल्या, "त्या दिवशी ह्यांचा लेंगा धुवायला टाकायची गरज पडली नाही, मास्तरीणबाई." मला त्याचा अर्थ लागला नाही.

खटला उभा राहायला वर्षं गेली. मधे साहेबांची बदली झाली, सरकारी वकील बदलले. कोयता खाऱ्या पाण्यात राहिलेला, त्यावर तपासणीत फारसं काही मिळालं नव्हतं. त्यामुळे तो कोणी काढून दिला, हाच सगळा पुरावा. शिपायाची साक्ष आधी झाली. तो 'मला आता काही आठवत नाही' म्हणून मोकळा झाला, आणि महिन्याभरात त्याच्या दारात नवी मोटारसायकल आली. गाव म्हणालं, ठीक आहे, भाऊ आहेत.

अलिबागला साक्षीच्या दिवशी मी रजा टाकून काकूंबरोबर गेले. कोळीवाड्यातली माणसं टेम्पो करून आली होती. चांगुणा पहिल्या बाकावर. कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकिलांनी भाऊंना पंचनाम्याची प्रत वाचायला दिली आणि म्हणाले, "असंच सांगायचं, काका. एवढ्यावर केस उभी आहे." भाऊंनी ती वाचली, परत दिली, आणि आत जाऊन पिंजऱ्यात उभे राहिले.

सुरुवात नीट झाली. ठाण्यात आरोपी काय म्हणाला, जीप कुठून कशी गेली, हे त्यांनी स्वच्छ आवाजात सांगितलं. मग वकिलांनी विचारलं, "आरोपीने तिवराच्या मुळाशी हात घालून कोयता काढून दिला, तो तुम्ही पाहिलात?"

भाऊ चष्मा काढून पुसायला लागले. मला वाटलं, प्रश्न ऐकू आला नसेल.

"मी त्यांच्या पाठी पाहिल्या," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मी बांधावर बसलो होतो. पुढे चिखल होता. साहेब म्हणाले, काका, तुम्ही इथेच बसा, आम्ही आणून दाखवतो. सगळे आत उतरले. वाकलेल्या पाठी दिसत होत्या. कोण वाकला, कोणी काढला, ते मला दिसलं नाही. कोयता मी पाहिला तो बांधावर आणल्यावर."

सरकारी वकिलांचा चेहरा लाल झाला. त्यांनी कागद पुढे केला. "ही सही तुमची?"

"माझीच."

"वाचून केलीत?"

"वाचून केली. त्यात 'आमच्या समक्ष काढून दिला' असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं, तरी केली."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला आणि त्यांच्याकडे बघितलं. "का केलीत?"

भाऊंनी पिंजऱ्याचा कठडा धरला. "लाज वाटली, मॅडम."

मग तो शब्द आला. फितूर. सरकारी वकिलांनी त्यांना उलटसुलट विचारलं, आरोपीकडून किती घेतलेत इथपर्यंत गेले. भाऊ प्रत्येक प्रश्नाला फक्त 'नाही' म्हणत राहिले. मी चांगुणाकडे बघितलं. तिने डोक्यावरचा पदर घट्ट ओढून घेतला होता आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

येताना गाडीत मी स्वतःला आवरलं. घरी पोचल्यावर मात्र मला राहवेना. काकू आत चहा टाकायला गेल्या आणि मी ओटीवरच भाऊंना धरलं.

"भाऊ, एक वाक्य होतं! एकच! 'होय, पाहिला' म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं? त्याने काढून दिला हे तुम्हालाही ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे!"

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "पाहिलं नाही."

"माझी विद्यार्थिनी होती ती!"

"बाई, चांगुणाने माझं नाव कशासाठी घेतलं? मी न बघितलेलं सांगत नाही म्हणून. तिथे उभा राहून खोटं सांगितलं असतं, तर तिने निवडलेला माणूस मी उरलोच नसतो."

मी चिडले होते, माझ्या जिभेला हाड नाहीच. "तो माणूस तुम्ही बांधावर बसलात तेव्हाच उरला नव्हतात."

ते झोपाळ्यावर टेकले. मग म्हणाले, "हो."

चहा झाल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं. "आमच्या वाडीवाल्यांचे पाय वाळूचे, बाई, खाजणात आम्ही कधी उतरत नाही. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ती कामं दुसऱ्यांनी केली." त्या चिखलात पाय कसा टाकायचा, कसा उपसायचा, हे कोळीवाड्यातल्या पोराला कळतं आणि भाऊंना कळत नव्हतं. बांधावर उभं राहिल्यावर त्यांना पुढचं सगळं आधीच दिसायला लागलं: कमरेपर्यंत रुतलो, लेंगा सुटला, हवालदारांनी ओढून काढलं, आणि हे सगळं त्या आरोपीसमोर, शिपायासमोर, असं झालं तर? साहेब आपणहून बसा म्हणाले तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. कागद पुढे आला तेव्हा 'मी लांब होतो' असं लिहा म्हणायचं तोंडाशी आलं होतं. पण मग लोकांनी विचारलं असतं, भाऊ, लांब का होतात? जन्मभर इतरांना डोळे घरी ठेवू नका म्हणून सांगणाऱ्या माणसाला तेवढं म्हणवलं नाही.

एवढ्याशा लाजेवर एक खून वाहून गेला. मला रागसुद्धा यायचा थांबला, नुसती बधिर होऊन बसले.

निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन पोरगा सुटला. रिसॉर्टच्या फाटकाशी फटाके वाजले, ते आम्हाला वाडीत ऐकू आले. गावाने भाऊंना वाळीत टाकलं म्हणता येणार नाही, पण पाडेकरी नारळ काढायला येईनात, आणि दुकानात गेले की बोलणं थांबायचं. रिसॉर्टवाले आता भाऊंची वाडी दामदुपटीने घेणार, सौदा आधीच ठरला होता, असं एक जण माझ्या तोंडावर बोलला. मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिपायाला कोणी काही बोललं नाही, हे विशेष. त्याच्याकडून कोणाची अपेक्षाच नव्हती.

चांगुणा मासळी घेऊन यायची बंद झाली. मग एका दुपारी ती आली. डोक्यावर पाटी नव्हती. मी सुट्टी म्हणून घरीच होते, काकू सुपाऱ्या निवडत होत्या. ती अंगणात येऊन उभी राहिली तसे भाऊ झोपाळ्यावरून उठले. काकूंनी बस म्हटलं, ती बसली नाही.

"चांगुणा," भाऊ म्हणाले. "मला कोर्टात खोटं बोलता आलं नाही गं."

"कोर्टातला इचारत नाय मी," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हताच, इतका हळू. "कोर्टान तुमी खरा बोल्लाव, माना ठावं हाय. लोका बोलतान पैसं खाल्लं. ती लोका येरी हान."

"मग?"

"त्या दिसाचा इचारतंय. मी बांधाच्या तोंडाशी उबी व्हती ना, भाऊ? सगल्यांच्या म्होरं. एक हाक मारायची व्हती. चांगुणे, माना चिखलान जाता येत नाय, यवराच बोलायचा व्हता." ती थांबली, आणि मग पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मी तुमाना पाठीवर घेवून गेली असती."